सप्तमीची थंड चूल

"मुक्ता, धुआं रोज ऊपर जाना मांगता. रोज. समझा?"

अरबाबांनी हे सांगितलं तेव्हा ते खजुराखाली बाजेवर बसले होते आणि हातातली काठी समोरच्या कड्याकडे रोखून होते. त्यांचं हिंदी बंदरावर शिकलेलं, पण हुकूम कळायला तेवढं पुरे होतं. मुक्ताबाई तेव्हा नवीनच आली होती. मालकाला अरबाब म्हणायचं आणि मालकिणीला मामा, एवढंच तिला नवऱ्यानं शिकवून ठेवलं होतं. धूर कशाला हवा ते तिला उमगेना. गावाकडे धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून बायका गॅससाठी हट्ट धरतात, आणि हा माणूस गॅसची शेगडी देऊन वर मातीची चूल घाल म्हणतो!

कारण नंतर महादूनं सांगितलं. वादी सिद्र म्हणजे दोन डोंगरांमधलं एक चिंचोळं खोरं. वादी म्हणजे कोरडी नदी, आणि सिद्र म्हणजे आपली बोर. खोऱ्याच्या तोंडाशी एक जुनी बोर उभी आहे, तिच्यावरून हे नाव पडलेलं. बोरीच्या अलीकडे दुबईला जाणारा रस्ता, म्हणजे एमिरात. वरच्या कड्यापलीकडे ओमान. मधलं खोरं कुणाचं, यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं कधी एकमत झालं नव्हतं. नकाशावर म्हणे इथली रेघ तुटकच होती. पूर्वी खोऱ्यात पाचसहा घरं होती. पोरंबाळं शहरात गेली तशी ती एकेक करून रिकामी झाली आणि शेवटी अरबाबांचं तेवढं उरलं. तेही रिकामं दिसलं, तर पलीकडचे म्हणणार, बघा, इथं कोण राहतंय? आणि रेघ कड्यावरून उतरून थेट बोरीपर्यंत यायची. म्हणून रोज धूर. वरून, लांबून, कुणालाही दिसेल असा.

"म्हणजे आपण जागा धरून बसायचं," महादू म्हणाला होता. "एस.टी.त रुमाल टाकतात ना, तसे आपण रुमाल."

पुढे अरबाब गेले. नबिला मामाचे गुडघे आखडले, तशी ती मुलाकडे दुबईला राहायला गेली. मागे राहिली ही दोघं, राजापूरकडची. महादू आधी जबल अलीला एका कंपनीत माल चढवायचा, कॅम्पात एका खोलीत आठजणांत राहायचा. पाठ धरली तेव्हा कंपनीनं त्याला मोकळं केलं आणि अरबाबांनी बागेवर घेतलं. मामानं आपल्या नावावर मुक्ताबाईचा व्हिसा काढला, घरकामाचा. तेव्हापासून खजुराची आणि लिंबाची बाग, एक गाय, डोंगरातून पाणी आणणारा पाट आणि त्या दोघांचा संसार, असं सगळं त्या खोऱ्यात नांदत होतं. इकडे आल्यापासून स्वतःच्या म्हणाव्या अशा चार भिंती तिला इथेच मिळाल्या होत्या. कागदोपत्री त्या तिच्या नव्हत्या. पण अंगण तिनं सारवलेलं होतं, तुळस तिनं वाढवलेली होती, आणि गाय तिच्या पावलांच्या आवाजावर मान वळवायची.

मुक्ताबाईचं बोलणं इतकं हळू, की महादूला निम्मं ओठांवरून वाचावं लागे. नेम मात्र पक्के. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, उंबऱ्याच्या आत तांदळाच्या पिठाची चार बोटं रांगोळी, गाईला घास, मग चूल. सोमवारी एकभुक्त, एकादशीला उपास, श्रावणात तर काय विचारूच नका. मुलगी स्वप्नाली दुबईत अल मनखूलला एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दर वर्षी ती आईला कालनिर्णय पाठवायची आणि फोनवर विचारायची, "आई, तिथं डोंगरात कोण बघतंय गं तुला?"

"बघायला कशाला कुणी पायजे?" मुक्ताबाई म्हणायची.

आता श्रावणातली एक अडचण होती, ती म्हणजे शीतला सप्तमी. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी रांधायचं, रात्री चूल झाडूनपुसून सारवायची, हळदीकुंकू वाहायचं, वर हिरवी डहाळी ठेवायची आणि तिला एक दिवस निजू द्यायचं. सगळ्यांनी गार खायचं. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच श्रावणात तिच्या पदरात घातलेला हा नेम. पहिल्या वर्षी तिनं भीत भीत नबिला मामाला विचारलं, धुराचं काय करू? मामानं अरबाबांना विचारलं. अरबाब बराच वेळ हसले आणि म्हणाले, "वर्षातून एक दिवस चुलीनं विसावा घेतला तर डोंगर काही पळून जात नाही." तेव्हापासून ती सूट कायम होती.

यंदा श्रावण लागला तोच हमदुल्ला एक बातमी घेऊन आला. हमदुल्ला पठाण, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. डोंगरातल्या बागांना सामान, गॅस, बातम्या सगळं तोच पोचवी. अंगणात येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाजी, दोनों मुल्क का कमिटी आया है. एक एक वादी देखता है. कौन रहता है, कौन नहीं रहता. इसके बाद तार लगेगा, खलास."

"इधर कब आएगा?" महादूनं विचारलं.

"अगला हफ्ता, इन्शाल्ला."

महादूनं मनात हिशोब केला आणि मुक्ताबाईकडे बघून मान हलवली. पुढचा आठवडा. तोवर सप्तमी होऊन जाईल. तिनंही सुस्कारा सोडला. तरी महादूनं दुसऱ्याच दिवशी बागेची झापं साफ केली, कुंपणाची तार ओढली, दाराला निळा रंग दिला. "कमिटीवाले आले की तू घारगे कर," तो म्हणाला. "आणि चुलीत ओलं लाकूड घाल थोडं. धूर असा येऊदे की मस्कतपर्यंत ठसका लागला पायजे."

सप्तमीच्या आदल्या दिवशी तिनं भात शिजवला, लाल भोपळ्याचे घारगे तळले, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. रात्री चुलीतली राख सगळी काढून लिंबांच्या आळ्यात टाकली. चूल शेणामातीनं सारवली. गॅसच्या शेगडीलाही कुंकवाचं बोट लावलं.

सकाळी महादू अंघोळ करून आला आणि चुलीपाशी उगाच घुटमळला.

"चहा?"

"काल करून ठेवलाय. त्या बाटलीत हाय."

"गार?"

"सप्तमी हाय अहो."

"गार चहा पिऊन माणूस देवीला प्रसन्न होतो की देवी माणसाला, ते एकदा सांग गो मला." बाटलीला तोंड लावून त्यानं कडू औषध घ्यावं तसा घोट घेतला. "जबल अलीच्या कॅम्पात पण गरम मिळायचा."

"मग जावा परत," ती म्हणाली, पण हसत.

या सप्तमीला पाण्याची पूजा असते. तळं, विहीर, ओढा, जे असेल ते. इथं पाट होता. डोंगराच्या पोटातून झरा निघायचा आणि दगडी पाटातून बागेशेजारून वाहत खाली बोरीपर्यंत जायचा. मुक्ताबाईनं भातात दही कालवलं, वेलीवरून काकडीची पानं खुडली, लिंबाचं लोणचं घेतलं, आणि दोघं झऱ्याकडे निघाली. महादूला तसंही वरच्या तोंडाशी साठलेला गाळ काढायचा होता. गाय मागून आली, वर थोडा हिरवा पाला होता. घराला कुलूप लावलं. खोऱ्यात चोर येत नव्हता, पण शेळ्या यायच्या.

झऱ्यापाशी सावली होती. तिनं पाण्याला हळदीकुंकू वाहिलं, काकडीच्या पानावर दहीभात ठेवला, वर लोणच्याची फोड, आणि पान अलगद पाटात सोडलं. पान गिरकी घेऊन वळणाआड गेलं. मग आणखी एक सोडलं. तिनं हात जोडले. काही मागितलं नाही. मागायची तिला सवय नव्हती.

महादूचा गाळ काढून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दोघं परतली. बागेच्या वळणावर महादू थबकला. अंगणात चाकांच्या ताज्या खुणा होत्या. दोन गाड्यांच्या. बुटांचे ठसे दारापर्यंत, दारापासून पडवीपर्यंत. पडवीत चूल होती. चुलीवरची डहाळी खाली पडलेली होती आणि सारवणावर कुणाच्या तरी चार बोटांचा ठसा उमटला होता. चूल गरम आहे का, हे कुणीतरी हात लावून पाहिलं होतं.

मुक्ताबाई चुलीसमोर तशीच बसून राहिली. राखसुद्धा नसलेली चूल, दाराला कुलूप, गोठ्यात गाय नाही, दोरीवरचे कपडे उन्हानं कडक झालेले. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

तेवढ्यात खालून टँकरचा हॉर्न आला. हमदुल्ला धावतच अंगणात शिरला. "माधू भाई! किधर था तुम? कमिटी आया, चला गया! वो दूसरा वादी जल्दी खतम हो गया, तो आज ही इधर आ गया."

"किधर है अभी?"

"नीचे, बेर के पास. तंबू लगाया है. शाम की नमाज से पहले कागज पे साइन करेगा. वो लोग बोलता है, घर खाली है. चूल्हा साफ करके छोड़ के गया."

महादू वळला. पडवीच्या कोनाड्यातून त्यानं काडेपेटी घेतली, कोपऱ्यातली झापं चुलीपुढे आणून टाकली.

"पेटव," तो म्हणाला.

"अहो, आज..."

"मुक्ते, आज न्हाय, आत्ता! खालून धूर दिसेल त्यांना. घर गेलं तर कुठं जायचं? मामाची बाग पलीकडं गेली की आपला व्हिसा इथं काय कामाचा? मला परत कॅम्पात घेईल कोण, या वयात? तुला गावी धाडायला लागंल. समजतंय तुला?"

समजत होतं. तिला सगळं समजत होतं. आपल्याच नेमानं आपल्या घराला कुलूप घातलं. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? बहुतेक म्हणाल्या असत्या, पेटव गो, देवी काय आंधळी आहे? आणि तरीही तिचा हात काडेपेटीकडे जाईना.

"आत्ता पेटवून काय होणार?" ती हळूच म्हणाली. महादूला ऐकायला वाकावं लागलं. "मघा त्यांनी हात लावून बघितली. गार होती. आता धूर दिसला तर म्हणतील, आम्ही गेल्यावर कुणीतरी येऊन पेटवली. आणि ते खरंच असेल."

महादूनं काडी काढली होती. तो काडीकडे पाहत राहिला. मग काडी पेटीत परत घातली आणि पेटी कोनाड्यात ठेवली, जरा आपटूनच. "मग काय करायचं म्हणतेस?"

"जाऊन सांगूया. राहतो म्हणून."

"सांगून कोण ऐकतो?"

"न सांगता तरी कोण ऐकतं?"

तिनं डबा भरला. पुऱ्या, घारगे, काकडीच्या पानावर उरलेला दहीभात, लोणचं. काल याच चुलीवर शिजलेलं. दुसरा काही पुरावा तिच्यापाशी नव्हता. दोघांची ओळखपत्रं होती, पण त्यांवर पत्ता मामाच्या दुबईच्या घराचा, कारण खोऱ्याला पत्ताच नव्हता. हमदुल्लानं टँकरच्या पुढच्या सीटवर दोघांना चढवलं. वाटेत त्यानं तीनदा "या अल्ला" म्हटलं आणि महादूनं एकदाही वर मान केली नाही.

बोरीखाली दोन पांढऱ्या गाड्या आणि एक उघडा तंबू. टेबलापाशी दोन अधिकारी. एक इकडचा, तरुण, काळा चष्मा डोक्यावर सारलेला. दुसरा पलीकडचा, डोक्याला रंगीत मसर बांधलेला, नीटनेटका. बाजूला चटईवर एक म्हातारा काठी मांडीवर घेऊन बसला होता. पलीकडच्यांनी तो जाणता म्हणून आणला होता. जुन्या वाटा, जुनी पाणवठ्यांची नावं त्यालाच ठाऊक. त्याचं नाव खलफान, असं हमदुल्ला हळूच म्हणाला.

महादूनं सलाम केला आणि हिंदीत सांगितलं, आम्ही वरच्या घरात राहतो, सकाळी झऱ्यावर गेलो होतो.

तरुण अधिकाऱ्याला हिंदी येत होतं. "तुम रहता है उधर? तो किचन इतना क्लीन कैसे? राख भी नहीं."

महादूनं मुक्ताबाईकडे पाहिलं. आता सप्तमी काय असते हे अरबी अधिकाऱ्याला कसं समजवायचं? तिनं मान खाली घातली आणि तिला जमलं तेवढं सांगितलं, "आज चूल्हे की छुट्टी. हर साल एक दिन. कल पकाया, आज खाया." आणि डबा उघडून टेबलावर ठेवला.

तरुण अधिकारी हसला. वाईट नव्हता हसला. "चूल्हे की छुट्टी! मेरी माँ को बोलूंगा, खुश हो जाएगी." मग त्यानं पलीकडच्या अधिकाऱ्याला अरबीत सांगितलं. तोही किंचित हसला, पण त्यानं खांदे उडवले आणि काहीतरी म्हणाला. तरुणानं त्याचं बोलणं महादूला सांगितलं. "वो बोलता है, डब्बा तो कोई भी शहर से ला सकता है. टँकर में बैठ के आया ना?"

तेही खरंच होतं. हमदुल्ला मागे चुळबुळला. महादूनं दोन्ही हात जोडले, मग काय करावं न कळून खाली सोडले. मुक्ताबाईला वाटलं, आपण आत्ता रडलो तर त्याला फार वाईट वाटेल, म्हणून तिनं दात ओठांवर दाबले.

चटईवरचा म्हातारा उठला. काठी टेकत टेबलापाशी आला आणि डब्यात वाकून पाहू लागला. दहीभात. लोणच्याची फोड. खाली अंथरलेलं काकडीचं पान. त्यानं मान वर करून मुक्ताबाईकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया जुळल्या.

"तू!" तो हिंदीत म्हणाला. जवानीत तो खजूर भरलेल्या गलबतांवर मुंबईला जायचा, असं मागाहून कळलं. "तू है वो! पानी में दही कौन डालता है? पीने का पानी है!"

मुक्ताबाई घाबरून दोन पावलं मागे सरली. "पूजा... पूजा थी, बाबा."

"मैं हाथ-मुंह धो रहा था," म्हातारा आता सगळ्यांना सांगत होता, अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत. "पाटावर वाकलोय, तर समोरून काय येतंय? हिरवं पान, वर जेवण! माझ्या हाताला येऊन लागलं. मग दुसरं आलं. मी या दोघांना सांगितलं, तर हे म्हणाले, चाचा, ऊन लागलंय तुम्हाला."

तरुण अधिकारी गालातल्या गालात हसला. "सच है. हमने बोला."

"मग तुम्ही त्याचं काय केलं?" महादूनं विचारलं.

"काय करणार? अन्न आहे. पायाखाली येऊ नये म्हणून उचलून पाटाच्या भिंतीवर ठेवलं. पाखरं खातील." एवढं बोलून म्हातारा वळला. त्यानं पलीकडच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याच माणसाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, जसं माणूस खिशात हात घालतो आणि विसरलेली किल्ली हाताला लागते.

तो शांतपणे अरबीत बोलू लागला. मुक्ताबाईला त्यातले शब्द कळत नव्हते, पण त्याचा हात तिला कळत होता. हात वर झऱ्याकडे गेला, मग पाटाच्या वळणानं खाली आला, मग स्वतःच्या छातीवर थांबला. पलीकडचा अधिकारी काहीतरी समजावून सांगत होता. म्हातारा मान हलवून नाही म्हणत होता. एकदा तर त्यानं काठी आपटली.

"क्या बोलता है?" महादूनं हमदुल्लाच्या कानात विचारलं.

हमदुल्लाचे डोळे मोठे झाले होते. "बोलता है, भात गीला था. दही खट्टा नहीं हुआ था. ये गर्मी में दो घंटे में दही खट्टा हो जाता है. बोलता है, मैंने अपने हाथ से उठाया. अब मैं अपने मुंह से कैसे बोलूं कि ऊपर कोई नहीं रहता?"

पान बघायला गाड्या वर निघाल्या. अर्ध्या वाटेवर, जिथं पाट रस्त्याला येऊन भिडतो, तिथं भिंतीवर पान होतं. सुकून कुरकुरीत झालेलं. पाखरांनी भात खाल्ला होता, पण लोणच्याची फोड तशीच होती, कारण लोणचं कुठलंच पाखरू खात नाही. दुसऱ्या पानात थोडा भात उरला होता. पलीकडच्या अधिकाऱ्यानं ते उचललं, वास घेतला, डब्यातला भात पाहिला, डब्यातलं पान पाहिलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि फायलीत काहीतरी खोडून दुसरं लिहिलं.

"खलास," तरुण अधिकारी महादूला म्हणाला. "घर में लोग रहता है. दोनों साइड लिखेगा. नक्शावाले लकीर ऊपर से ले जाएंगे, पहाड़ के ऊपर से. मामा को फोन करो."

महादू पाटाच्या कडेला मटकन बसला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाच ठरवता येईना. मग त्यानं पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं आणि मुक्ताबाईकडे वळून म्हणाला, "गो, एक घारगा दे. सकाळपासून त्या गार चहावर हाय मी."

तिनं डबा पुढे केला. हमदुल्लानं पुरी घेतली, तरुण अधिकाऱ्यानं घारगा घेतला आणि "क्या स्वीट है, क्या है ये?" असं विचारून दुसरा घेतला. पलीकडच्या अधिकाऱ्यानंही आढेवेढे न घेता पुरी मोडली. बोरीजवळ सिग्नल मिळे, म्हणून सगळे परत खाली गेले आणि महादूनं मामाला फोन लावला. नबिला मामा ऐकत होती, मध्येच अल्लाचे आभार मानत होती, मध्येच रडत होती. शेवटी म्हणाली, "मुक्ताला फोन दे."

"हां मामा."

"मुक्ता, पाण्यात दही टाकू नको म्हणून मी किती वेळा सांगितलं तुला?"

"बहोत बार, मामा."

"हां. अब मत सुनना मेरी बात." आणि ती इतकी मोठ्यानं हसली की महादूलाही ऐकू आलं.

मुक्ताबाईनं फोन परत दिला आणि पदरानं डोळे पुसले. छातीतून काहीतरी सैल सुटत होतं, जसं लांबच्या प्रवासानंतर पायातली चप्पल काढावी.

ऊन समोरच्या डोंगरामागे उतरत होतं. सामान गाड्यांमध्ये चढत होतं. खलफान अजून चटईवरच होता आणि डब्यातला शेवटचा दहीभात बोटानं पुसून खात होता. मुक्ताबाई त्याच्यापुढे जाऊन बसली. त्याचे आभार कसे मानायचे, तिला कळेना. त्याच्याच माणसांसमोर त्याला उगाच अवघड वाटेल, असंही तिला वाटलं.

"ये दही तू बनाती है?" त्यानं विचारलं.

"हां. गाय का."

"मेरी औरत बीमार है. कुछ खाती नहीं. दुकानातलं दही आंबट, म्हणते. तिची आई असंच दही लावायची, गोड. थोडंसं दे मला. ती लावील. तिला लावता येतं."

डब्याच्या कडेला चमचाभर दही होतं. मुक्ताबाईनं ते पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. दिवे लागायची वेळ झाली होती. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत. हे या माणसाला, आजच्या दिवशी, कसं सांगायचं? पण तिनं सांगितलं, नेहमीसारखं हळू. शाम को नहीं देते. सुबह दूंगी. ताजं, आजच्या रात्रीचं लावलेलं.

"सकाळी मी इथं नसेन," खलफान म्हणाला. "वरच्या वाटेनं घरी जाणार, खिंडीतून."

"खिंडीपर्यंत मी येते."

तरुण अधिकारी ऐकत होता. "वहाँ तक, ओके. आगे नहीं, हां," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू त्याला पुढचं काही दिसायला नको होतं.

"सूरज निकलेगा तब," म्हातारा म्हणाला.

"सूरज निकलेगा तब," मुक्ताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे महादू अजून घोरत होता. तिनं अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, गाईपुढे चारा टाकला. रात्री धारोष्ण दुधालाच लावलेलं दही घट्ट लागलं होतं, कवडी पडावी तसं. तिनं पितळेच्या झाकणाच्या गडूत ते काढलं, ओल्या फडक्यात बांधलं, पिशवीत उरलेल्या पुऱ्याही घातल्या. कड्याच्या माथ्यावर अजून अंधार होता, फक्त कडेला एक फिकट रेषा. तिनं पदर खोचला, पायात महादूचे जुने बूट घातले, कारण वाट खड्यांची होती. फाटक तिनं आवाज न करता लावलं आणि गडू छातीशी धरून खिंडीच्या वाटेला लागली.